घर बदललं आणि गाण्यांची पट्टी उतरली

पत्र: सात महिन्यांपूर्वी नोकरीमुळे नागपूरहून ठाण्याला आले. घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके आहे. गिटारवर स्वतःची मराठी गाणी करते. नागपूरला असताना चार गाणी घरीच, मित्रांबरोबर रेकॉर्ड करून प्रसिद्ध केली होती. आता अल्बम करायचाय. ११ गाणी तयार आहेत, ५ तिथली, ६ इथली. पण काही जुळून येत नाही. गिटार सुरात राहत नाही आणि तारा बोटांना बोचतात. रात्री रेकॉर्ड करावं तर ट्रक, दिवसा करावं तर ड्रिलिंग आणि कबुतरं. ढोलकी-दिमडी वाजवणारा मित्र आणि हार्मोनियमवाली मैत्रीण दोघंही नागपुरात. दोन चाली तर मी तिच्याबरोबरच बसवल्यात. इथली गाणी मला स्वतःलाच मरगळलेली वाटतात. एका गाण्यातलं ‘पाऊस पडून राहिला’ बदलून ‘पडतोय’ कर, नाहीतर मुंबईत हसतील, असं इथल्या एकाने सांगितलं. माझ्याकडे माइक लॅपटॉपला जोडायचा दोन इनपुटचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि लॅपटॉप आहे. खर्चाला ८० हजार रुपये. सगळं स्टुडिओत करू की घरी? आणि खिडकीतले आवाज येतातच आहेत, तर ते ठेवूनच देऊ का?
– नागपूरकर, मुक्काम ठाणे

उत्तर:

पत्रासोबत पाठवलेली अकराही कच्ची गाणी ऐकली. स्टुडिओ की घर, हे नंतर बघू. आधी मरगळीचं बोलू, कारण ती तुमच्या मनात नाही, पट्टीत आहे.

नागपूरची पाचही गाणी तुम्ही तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा, लावून ‘जी’ कॉर्डच्या आकारात वाजवली आहेत, म्हणजे काळी पाच (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा). ठाण्यातली सहाच्या सहा त्याच आकारात, पण विनाकॅपो, म्हणजे पांढरी पाच. तीन अर्धस्वर खाली. लयही पडली आहे: तिकडची गाणी मिनिटाला ९२ ते १०४ ठोक्यांच्या घरात, इकडची सगळी ७२ ते ७८. हे तुम्ही ठरवून केलेलं दिसत नाही. ऑफिस उरकून रात्री साडेदहाला गिटार हातात घेतली, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेत, की माणूस आपोआप कुजबुजत गातो. कुजबुजत्या आवाजाला वरचा सा झेपत नाही, म्हणून चाल खाली सरकते. शिवाय अशा आवाजात हवा फुकट जाते, ओळ एका दमात पुरत नाही, श्वासाच्या जागा वाढतात आणि लय मंदावते. थोडक्यात, या सहा गाण्यांची पट्टी आणि लय तुम्ही नाही, फ्लॅटने ठरवली आहे.

म्हणून पहिलं काम रेकॉर्डिंगचं नाही. तासावर भाड्याने मिळणारी एखादी जॅमरूम (वाद्यांसह सराव करायची खोली) दोन तास घ्या. तिथे सहाही गाणी मोकळ्या आवाजात गा. पूर्ण नको, मुखडा आणि एक अंतरा पुरे. आधी कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पांढरी सहा, मग तिसऱ्यावर, आणि प्रत्येक वेळी लय सहा-आठ ठोक्यांनी चढवून. मोबाइल दीड मीटरवर ठेवून सगळं टिपा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. वरच्या स्वराला हनुवटी उचलावी लागत असेल तर एक अर्धस्वर खाली या. आमचा अंदाज असा की तीन-चार गाणी वर जाऊन उजळतील आणि दोन खालीच बरी वाटतील. ती दोन खरोखरच हळू बोलणारी गाणी आहेत, त्यांना हात लावू नका.

याच वेळी एका कागदावर तक्ता मांडा: गाणं, पट्टी, लय, ताल, लांबी, पहिला शब्द. डोळ्यांसमोर आलं की बऱ्याच गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. अकरापैकी आठ गाणी केरव्यात आहेत. चार गाण्यांचा पहिला शब्द ‘आता’ आहे. दादऱ्यात एकच, आणि ते तुमचं सगळ्यांत चांगलं गाणं आहे, हा योगायोग नसावा. केरव्यातलं किमान एक तरी गाणं दादऱ्यात टाकून बघा. चार मात्रांत दाटीवाटीने बसलेले शब्द तीनच्या झोक्यात गेले की कुठला शब्द भरतीचा आहे ते लगेच उघडं पडतं.

अल्बम अकराचा नको, आठचा करा. साडेतीन मिनिटांची आठ गाणी म्हणजे २८ मिनिटं. तेवढ्या वेळात एका गिटारीचा आणि एका आवाजाचा कंटाळा येत नाही. वगळायची तीन कुठली हे तुम्हीच ठरवा, पण लोकल, गर्दी, कटिंग चहा आणि समुद्र अशी यादी असलेलं गाणं त्यात असावं असं वाटतं. गेली कित्येक वर्षं मुंबईत आलेल्या प्रत्येकाने ते गाणं लिहिलंय. तुमच्याच दुसऱ्या गाण्यात भाडेकरारावर वडिलांचं नाव लिहिताना पेन अडतं, त्या एका ओळीत स्थलांतर जास्त आहे. आणि आधी नागपूरची, मग ठाण्याची अशी मांडणीही करू नका. सलग पाच गाणी एका पट्टीत लागली की कान बधिर होतात. क्रम पट्टी आणि लयीवरून लावा, गावावरून नको.

आता ‘पडून राहिला’. हसणाऱ्यांचं सोडा, गायकीच्या अंगाने बघा. ‘पाऊस पडून राहिला, अन् मी खिडकी लावत नाही’ या ओळीत तुमची चाल ‘ला’वर दोन मात्रा थांबते. तो उघडा आकार आहे, आवाज तिथे पसरतो. ‘पडतोय’चा शेवट ‘य’वर होतो आणि ‘य’वर थांबता येत नाही. एकतर ‘तो’ ओढून ‘य’ शेवटी कसाबसा टाकाल, नाहीतर मात्राभर आधीच तुटाल आणि पुढचं ‘अन्’ लोंबकळेल. तेव्हा ‘पडून राहिला’च ठेवा. खटकतं ते वेगळंच: याच गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही ‘बसले आहे’ म्हणता. एका गाण्यात नागपूरच्या बर्डीची आणि बातम्यांची अशा दोन बोली नांदत नाहीत. तिथेही ‘बसून राहिली’ करा.

गिटारकडे वळू. ठोस लाकडाच्या गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी हा आकडा २० च्या आसपास जातो, ठाण्यात जुलैत ८५ च्या वर. लाकडाने पाणी प्यायलं की वरची फळी ब्रिजच्या (फळीवरच्या, तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या) मागे फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटपासून लांब जातात. बोटं दुखतात ती त्यामुळे. भरीला रात्री एसी चालू, दिवसा बंद. एसीत हवा कोरडी आणि थंड, तारा आकसून सूर चढतो. रेकॉर्डिंगसाठी एसी बंद केला की अर्ध्या तासात तारा सैलावून सूर उतरतो. गिटार बिघडलेली नाही, तिला रोज दोन ऋतू काढावे लागताहेत.

इथे एक चूक सर्रास होते. पावसाळ्यात दुरुस्तीवाल्याकडे जाऊन सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून घ्यायचं. त्या दिवशी गिटार मऊ होते, पण दिवाळीनंतर हवा कोरडी पडली, किंवा उन्हाळ्यात गिटार नागपूरला नेली, की फळी खाली बसते आणि प्रत्येक तार फ्रेटवर झणझणते. घासलेलं सॅडल परत वाढत नाही. म्हणून आधी तीन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि गिटारच्या केसमध्ये ठेवा. वाजवत नसाल तेव्हा गिटार केसमध्येच, भिंतीवरच्या हुकाला नाही. केसमध्ये दोन्ही बाजूंनी काम करणारी, ४९ टक्क्यांची आर्द्रतेची पाकिटं टाका. पावसाळ्यात ती पाणी ओढून टम्म फुगतात, तेव्हा बदला. नुसतं सिलिका जेल वापरायचं तर मापकावर लक्ष ठेवा, आकडा ४० च्या खाली गेला की काढून घ्या. दोन-तीन आठवडे आकडा ५० च्या जवळ राहू द्या आणि मग बाराव्या फ्रेटवर पोलादी पट्टीने उंची मोजा: जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन. तरीही जास्त असेल तर दुसरं सॅडल करून घ्या आणि मूळचं जपून ठेवा. मानेच्या आत असलेली सळई, ट्रस रॉड, मानेचा बाक बदलते, ब्रिजची उंची नाही. ती फिरवायचीच तर एका वेळी पाव फेरा आणि मध्ये एक दिवस.

तारा ठाण्यात पंधरा दिवसांत काळवंडतात. लेप दिलेल्या तारा महाग पडतात, पण इथे परवडतात. रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी नव्या लावा, दोन-तीन तास वाजवून ताण बसू द्या आणि एक गाणं एकाच संचावर पुरं करा. कॅपो फ्रेटच्या अगदी पाठीला लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर जुळवा. कॅपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात, हेडफोनमध्ये ते गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात कळतं.

आता बाहेरच्या आवाजाचं. ‘रात्री करा’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला घोडबंदर रोडला लागू पडत नाही, तिथे रात्री अवजड वाहनं सुटतात. दोन दिवस मोजणी करा. माइक एका जागी, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) एकच, दर तासाला एक मिनिट रिकामी खोली रेकॉर्ड करायची आणि मीटरवरचा आकडा वेळेसह वहीत लिहायचा. गाण्याचा सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलला पोचतो असा गेन ठेवला असेल आणि रिकामी खोली उणे ६० च्या आसपास असेल तर काम होईल. उणे ४५ असेल तर गिटारचा हलका भाग त्यात बुडेल.

आकड्याबरोबर आवाज कसला हेही लिहा, कारण सगळे आवाज सारखे नसतात. बाराव्या मजल्यावर पोचणारी ट्रकची घरघर बरीचशी १०० हर्ट्झच्या खालची असते. तुमचा गाण्यातला सर्वांत खालचा स्वर १९६ हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे गायनाच्या ट्रॅकवर १०० च्या खालचं सगळं फिल्टरने कापलं तरी काही जात नाही. गिटारची जाड तार मात्र ८२ हर्ट्झला वाजते. तिथे ६०-७० च्या वर कापता येत नाही, ट्रक आत राहतो. उलट कुकरची शिट्टी, हॉर्न आणि कबुतरं ही आवाज-गिटार दोघांच्या मधोमध बसतात, ती कुठल्याच फिल्टरने निघत नाहीत. यावरून कामाची वाटणी आपोआप होते. ती दोन हळू गाणी, गायनापुरती, रात्री ट्रक असतानाही घेता येतील. गिटार दुपारी. बहुतेक सोसायट्यांत दोन ते चार ड्रिलिंगला मनाई असते, धुणंभांडी उरकलेली असतात, कबुतरंही उन्हाला पडून असतात. शनिवार-रविवारची ही दोन तासांची फट हाच तुमचा स्टुडिओ. आणि मोकळ्या आवाजातलं गाणं या फ्लॅटमध्ये करूच नका, नाहीतर अर्धं लक्ष शेजाऱ्यांकडे राहील आणि पट्टी पुन्हा उतरेल.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चालू केल्याशिवाय बाहेर पडणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा, अर्थिंग नीट नसलेल्या इमारतीत त्याची गुणगुण थेट ट्रॅकवर उतरते.

बेडरूम दहा बाय बाराची आहे असं धरू. कोपऱ्यात बसाल तर खालचे स्वर घुमतील, बरोबर मध्यावर बसाल तर त्यातले काही गायब होतील. लांबीच्या एक तृतीयांशावर बसा. खाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका, त्यांनी फक्त घरमालक चिडतो. गोधड्या आणि गाद्या चालतात, पण त्या माइकच्या मागे टांगून उपयोग नाही. तुमचा माइक समोरून ऐकतो, आणि त्याच्या समोर तुम्ही आहात, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्यात शिरतो. गोधडी तुमच्या पाठीमागे हवी, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, आणि दुहेरी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाकून त्याला पाठ करून बसलात तर गोधडीही लागणार नाही.

गिटारसाठी माइक बाराव्या फ्रेटसमोर, २० ते २५ सेंटीमीटरवर. भोकासमोर ठेवला की सगळं ढबढबतं. एकाच गाण्याची आठ आवर्तनं पाच वेगवेगळ्या जागांवरून रेकॉर्ड करा: बारावा फ्रेट, मग दोन बोटं मानेकडे, दोन बोटं भोकाकडे, थोडं लांब, थोडं वर. प्रत्येकाआधी जागेचं नाव तोंडाने बोला. सकाळी ऐकून एक निवडा आणि जमिनीवर चिकटपट्टीने स्टँडच्या आणि खुर्चीच्या पायांच्या खुणा करा, म्हणजे पुढच्या शनिवारी तोच आवाज मिळेल. हे खुणांचं लोक टाळतात आणि मग मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, तीन गाणी तीन गिटारींची वाटतात. गाण्यासाठी माइक १२ ते १५ सेंटीमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी). अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोली तेवढी मागे जाते. मात्र फार जवळ गेलात तर खालचे स्वर फुगून गाणं रेडिओच्या निवेदनासारखं भासेल. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातो, तेव्हा डिस्कची काटकसर नको, दोन ठिकाणी प्रत ठेवा. रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज कानात किती उशिरा येतो ते ठरवणारा आकडा) १२८, मिक्स ऐकताना ५१२ किंवा १०२४.

नागपूरच्या दोघांकडे आता. तुमची गाणी श्वासाबरोबर हलतात, क्लिकवर (हेडफोनमधल्या ठोक्यांच्या टिकटिकीवर) बसवली की ताठरतात. पण चालत्या-थांबत्या गिटारीवर लांबून ढोलकी भरणं वादकाला अवघड जातं. मधला मार्ग असा: आधी क्लिक न लावता गिटार आणि आवाज एकत्र गाऊन घ्या, मग सॉफ्टवेअरमध्ये त्या गाण्यावरच ठोके मोजून टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती लय याचा नकाशा, बांधा. मुखडा ८४, अंतरा ८६, शेवट ८२ असं काहीतरी निघेल. म्हणजे क्लिक तुमच्यामागे चालतो, तुम्ही क्लिकमागे नाही. मित्राला तीन फायली पाठवा: गाणं, क्लिक, आणि दोन्ही एकत्र. तिन्ही शून्यापासून सुरू झालेल्या, पुढे दोन आवर्तनांचा क्लिक. सोबत पट्टी लिहून, आणि फायलीच्या नावातच गाणं, वाद्य, टेक आणि लय.

त्याने परत पाठवायच्या त्या डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबलेल्या) फायली, ४८ किलोहर्ट्झमध्ये, शून्यापासून. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता पडली की ती जलद धावते आणि जवळपास दीड अर्धस्वर चढते. मग ढोलकी चुकली म्हणून मित्राशी भांडण, आणि ढोलकी बिचारी बरोबर असते.

हार्मोनियमचं उलट आहे. जुन्या पेटीचा सूर ४४० हर्ट्झला, म्हणजे ट्यूनर धरतो त्या सुराला, चोख असेलच असं नाही आणि तो पिळता येत नाही. गिटार पिळता येते. म्हणून ज्या गाण्यांत पेटी आहे, त्यांची गिटार रेकॉर्ड करण्याआधी मैत्रिणीकडून पेटीचा सा दहा सेकंद रेकॉर्ड करून मागवा आणि गिटार त्याला लावा. हे नंतर सुधारता येत नाही. पैकी दोन गाणी तरी शक्य झाल्यास हिवाळ्यात नागपूरला जाऊन एका खोलीत बसून करा. तुम्ही दोघींनी मिळून बसवलेल्या चाली लांबून भरल्यासारख्या करणं वेडेपणाचं आहे.

स्टुडिओ घ्यायचा तो मोकळ्या आवाजातल्या गाण्यांसाठी, आणि जिथे गिटार व गाणं एकदमच व्हायला हवं अशा दोन गाण्यांसाठी. चार-चार तासांची दोन सत्रं, वेगवेगळ्या दिवशी. सलग आठ तासांत शेवटचे दोन तास घशाचे नसतात. गिटारचे ट्रॅक घरून घेऊन जा, तिथे आवाज भरा. प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्या आणि त्यांतून ओळी निवडा. अक्षर-अक्षर जोडत बसलात तर श्वास जुळत नाहीत आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता गाणं खोटं वाटतं.

८० हजारांची आमची वाटणी अशी: मिक्सिंग गाण्यामागे चार हजार धरून ३२, मास्टरिंग (तयार गाण्यांवरचा शेवटचा हात) दीड हजारांप्रमाणे १२, स्टुडिओचे आठ तास दीड हजाराने १२, दोघा वादकांना मिळून १०, गिटारची देखभाल, तारा, पाकिटं, मापक यांना ६. उरले आठ हजार, त्यातले पाच मुखपृष्ठाला आणि तीन कशाला ते तेव्हा कळेल. नवा माइक यात नाही आणि नकोच. वादक मित्र आहेत म्हणून पैसे टाळू नका, पैसे दिले की ‘पुन्हा एकदा वाजव’ म्हणता येतं. मिक्सिंगवाल्याला सांगून ठेवा की आवाज फार चेपू नको, म्हणजे हलके-मोठे भाग एकसारखे करू नको. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा गाणी एका पातळीवर आणून वाजवतात, स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास. मोठं करून पाठवलेलं गाणं तिथे खाली ओढलंच जातं, चेपलेलं तेवढं कायम राहतं.

पत्र जुलैतलं आहे, म्हणजे वेळ बरा आहे. दिवाळीपर्यंत रेकॉर्डिंगचं नाव काढू नका. पाऊस खिडकीवरच्या पत्र्यावर वाजतो, मग गणपती, नवरात्र, फटाके. हे महिने जॅमरूम, तक्ता, शब्द आणि टेम्पो मॅप यांचे. मध्ये एकदा चार गाणी पंधरा-वीस अनोळखी लोकांपुढे गाऊन घ्या आणि कुठल्या अंतऱ्याला मोबाइल बाहेर निघतात ते बघा. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत रेकॉर्डिंग, फेब्रुवारीत मिक्सिंग-मास्टरिंग. स्ट्रीमिंग सेवांवर गाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे गाणी प्रसिद्धीच्या चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते किमान सात दिवस आधी करावं लागतं, आणि नावातली एक वेलांटी सुधारण्यातच आठवडा जातो. प्रत्येक ट्रॅकचा १२ अक्षरी आयएसआरसी, म्हणजे ओळख क्रमांक, सहसा वितरकच देतो, तो वहीत उतरवून ठेवा.

दोन चालींचं आत्ताच मिटवा. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते निर्मितीबरोबरच जन्मतात, नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे मैत्रिणीचा वाटा कागद नसतानाही आहेच, फक्त किती ते लिहिलेलं नाही. गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, एवढं एका पानावर, दोघींच्या सह्या. ढोलकीवाल्याचं वेगळं: तो वाजवतो, चाल करत नाही, त्याचं मानधन आणि श्रेयनामावलीतलं नाव ठरवा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, दोघीही सभासद व्हा आणि तिथेही तेच टक्के भरा. आणि हो, नोकरीच्या करारातलं बाहेरच्या उत्पन्नाचं कलम एकदा वाचून ठेवा.

राहिली खिडकी. गिटारच्या ट्रॅकमध्ये चुकून आलेलं कबुतर ठेवू नका. टेक बदलला की ते मध्येच तुटतं आणि गाणाऱ्याचा निष्काळजीपणा वाटतो. हवं असेल तर मुद्दाम घ्या. ‘पाऊस पडून राहिला’साठी, पाऊस असतानाच, म्हणजे या दोन महिन्यांत, माइक खिडकीपासून हातभर आत ठेवून दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा, स्वतः खोलीबाहेर जा. पत्र्यावरचा ताशा नको असेल तर पत्र्यावर जुनी चादर चौपदरी पसरा, वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट बांधून. बाराव्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून नव्हे, आतून जेवढा हात पोचतो तेवढ्यावरच.